व्ह्यूपेजरमधलं पान ‘दिसलं’ हे नेमकं कधी धरायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. अँड्रॉइड ॲपमध्ये तीन टॅब, त्यांच्या मागे जुना व्ह्यूपेजर (बोटाने सरकवायची पानं दाखवणारा घटक), प्रत्येक टॅबला एक फ्रॅगमेंट (स्वतःचं जीवनचक्र असलेला स्क्रीनचा तुकडा). तिसऱ्या टॅबवर व्हिडिओ आहे आणि तो तुम्ही ऑन-रिझ्यूममध्ये, म्हणजे फ्रॅगमेंट वापराला तयार झाल्यावर सिस्टिम जी मेथड बोलावते तिच्यात, सुरू करता. वापरणारा अजून दुसऱ्याच टॅबवर असतो, तरी तिसऱ्यातला आवाज ऐकू यायला लागतो. जुनी उत्तरं वाचून सेट-युजर-व्हिजिबल-हिंट ही ‘पान दिसतंय का’ ते कळवणारी मेथड वापरून पाहिलंत, तर ॲप उघडताच नल पॉइंटरने (अजून नसलेल्या वस्तूला हात लावल्याच्या चुकीने) कोसळतं, आणि अँड्रॉइड स्टुडिओ त्या नावावर आडवी रेघ मारून दाखवतो. तेव्हा पान स्क्रीनवर आलं हे खात्रीने सांगणारा कॉलबॅक (सिस्टिमकडून येणारी हाक) कोणता?

आधी उत्तर देते, मग कारणं. व्ह्यूपेजर-२ वर या, त्याला पानं पुरवायला फ्रॅगमेंट-स्टेट-ॲडॅप्टर वापरा, व्हिडिओ ऑन-रिझ्यूममध्ये सुरू करा आणि ऑन-पॉजमध्ये थांबवा. तुमच्या वर्णनावरून एवढ्याने काम भागेल. पण ‘खात्रीने’ हा शब्द तुम्ही वापरला आहे, म्हणून पुढचंही वाचा. पान दिसणं ही एकच घटना नाही, आणि त्यातली कोणती धरायची हे दिसल्यावर तुम्हाला काय करायचंय यावर ठरतं.

जुना व्ह्यूपेजर असा का वागतो ते बघू. स्वाइप करताना पुढचं पान लगेच सरकत यावं म्हणून तो चालू पानाच्या दोन्ही बाजूंना किमान एकेक पान तयार ठेवतो. ऑफस्क्रीन-पेज-लिमिट (अशी किती पानं तयार ठेवायची तो आकडा) शून्य करून हे बंद होईल असं अनेकांना वाटतं. होत नाही. लॉगकॅटमध्ये (अँड्रॉइडच्या नोंदवहीत) एक इशारा येतो आणि किंमत परत एकवर जाते. त्यातून जुन्या ॲडॅप्टरमध्ये तयार असलेली सगळी फ्रॅगमेंटं ॲक्टिव्हिटीच्या (ॲपच्या एका पूर्ण स्क्रीनच्या) अवस्थेपर्यंत पोचवली जायची. ॲक्टिव्हिटी रिझ्यूम झालेली असेल तर शेजारचं न दिसणारं पानही रिझ्यूम. पहिल्या टॅबवर ॲप उघडलं की दुसऱ्याचं ऑन-रिझ्यूम होऊन जातं, तुम्ही दुसऱ्यावर गेलात की तिसऱ्याचं. तुमचा व्हिडिओ बरोबर याच क्षणी सुरू होतोय. तिथे ऑन-रिझ्यूमचा अर्थ ‘ॲक्टिव्हिटी समोर आहे आणि हे पान तयार आहे’ एवढाच होता. दिसण्याशी त्याचा संबंध नव्हता.

हीच उणीव भरून काढायला लोक सेट-युजर-व्हिजिबल-हिंटकडे वळले. ते ॲडॅप्टरकडून येतं, फ्रॅगमेंटच्या जीवनचक्रातून नाही. पान बनवताना ॲडॅप्टर त्याला ‘तू दिसत नाहीस’ सांगतो आणि मुख्य पान ठरलं की ‘तू दिसतोस’. पहिल्या पानाच्या बाबतीत ही दुसरी हाक ऑन-क्रिएट-व्ह्यूच्या आधीच येते. तुम्ही त्यात प्लेअरच्या व्ह्यूला हात लावता, तो अजून बनलेलाच नसतो, आणि ॲप कोसळतं. याहून वाईट गोष्ट लोकांच्या लक्षात उशिरा येते: होम बटण दाबून ॲप मागे टाकलं तर ही हाक येतच नाही. पेजरच्या हिशोबाने पान तेच आहे ना! मग फोन खिशात आणि व्हिडिओचा आवाज चालू. फ्रॅगमेंट लायब्ररीच्या १.१.० आवृत्तीत, २०१९ साली, ही पद्धत मोडीत काढली. रेघ त्याचीच आहे.

त्याच आवृत्तीने जुन्या ॲडॅप्टरच्या कन्स्ट्रक्टरला दुसरा आर्ग्युमेंट दिला: बिहेव्हिअर-रिझ्यूम-ओन्ली-करंट-फ्रॅगमेंट. तो दिला की फक्त चालू पान रिझ्यूम होतं, बाकीची स्टार्टेडवर, म्हणजे रिझ्यूमच्या आधीच्या पायरीवर, अडवली जातात. आतून हे काम सेट-मॅक्स-लाइफसायकल करतं. नावाप्रमाणे ते त्या फ्रॅगमेंटला कुठल्या अवस्थेपर्यंत चढू द्यायचं याची मर्यादा ठरवतं. रिलीज तोंडावर आला असेल आणि आज पेजर बदलणं शक्य नसेल तर हा एक आर्ग्युमेंट घाला. सेट-युजर-व्हिजिबल-हिंट काढून टाका, ऑन-रिझ्यूममधला तुमचा कोड तसाच ठेवा. पेजर बदलायचं काम मात्र यादीत राहू द्या, कारण ते जुने ॲडॅप्टरही आता मोडीतच निघाले आहेत.

व्ह्यूपेजर-२ ची पहिली स्थिर आवृत्ती २०१९ च्या नोव्हेंबरात आली. आतून तो रिसायकलर-व्ह्यूवर (याद्या दाखवणाऱ्या घटकावर) उभा आहे. फ्रॅगमेंट-स्टेट-ॲडॅप्टर नवं पान जोडतानाच त्याला स्टार्टेडची मर्यादा घालतो. मर्यादा वर नेताना तो पेजर आयडल (स्थिर) आहे का हे तपासतो, आणि माझ्या मते यातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. बोट स्क्रीनवर असेल किंवा पान अजून जागेवर बसत असेल तर तो काही बदलत नाही. सरकणं पूर्ण थांबलं की आधीचं पान खाली आणतो आणि मग नवं वर नेतो. दोन पानं एकदम रिझ्यूम अवस्थेत राहू नयेत म्हणून हा क्रम मुद्दाम राखलेला आहे.

हे स्वतः बघा. प्रत्येक फ्रॅगमेंटच्या ऑन-क्रिएट, ऑन-स्टार्ट, ऑन-रिझ्यूम, ऑन-पॉज आणि ऑन-स्टॉपमध्ये पानाच्या क्रमांकासह एकेक लॉग टाका. ॲप उघडा: पहिल्या पानाचं क्रिएट, स्टार्ट, रिझ्यूम. आता बोटाने पान अर्धवट ओढून तसंच धरून ठेवा. दुसऱ्याचं क्रिएट आणि स्टार्ट येईल, रिझ्यूम येणार नाही. बोट मागे नेऊन सोडून द्या, म्हणजे पहिलंच पान परत बसेल. पहिल्याचं पॉज आलेलं नसेल आणि दुसऱ्याचं रिझ्यूमही नाही. डोकावून परत गेलेला माणूस तुमच्या कोडला त्रास देत नाही. पुन्हा ओढा आणि या वेळी पूर्ण जाऊ द्या. थांबल्याक्षणी पहिल्याचं पॉज, लगोलग दुसऱ्याचं रिझ्यूम. हा क्रम एकदा स्वतःच्या फोनवर पाहिलात की पुढचं सगळं सोपं जाईल.

आता मूळ मुद्दा. पान दिसल्यावर करायच्या कामांचे माझ्या अनुभवात तीन प्रकार पडतात: काहीतरी चालवणं, माहिती आणणं आणि नोंद करणं. तिघांचा ‘दिसलं’ वेगळा असतो.

चालवणं म्हणजे व्हिडिओ, कॅमेऱ्याचा प्रीव्ह्यू, सेन्सर, सतत फिरणारं ॲनिमेशन. इथे सुरू होण्याइतकंच वेळेवर थांबणं महत्त्वाचं, म्हणून रिझ्यूम आणि पॉजची जोडी. प्लेअर आधीच तयार ठेवायचा असेल तर तो ऑन-स्टार्टमध्ये बनवून मीडिया लोड करायला लावा, पण प्ले-व्हेन-रेडी (‘तयार होताच चालव’ हा प्लेअरचा खटका) रिझ्यूमपर्यंत खोटंच ठेवा. पान बसताक्षणी चित्र हलायला लागतं आणि आवाज आधी येत नाही. कमी रॅमचे फोन तुमच्या वापरणाऱ्यांकडे जास्त असतील तर ही तयारीही रिझ्यूमवर ढकला. किंचित उशीर चालतो, पण दोन-तीन डीकोडर एकाच वेळी धरून बसणं तसल्या फोनला झेपत नाही. फोन आल्यावर आवाज थांबणं हा विषय मात्र ऑडिओ फोकसचा (आवाज कोणत्या ॲपचा चालेल याचा) आहे. तो लाइफसायकलवर सोडू नका, एक्झोप्लेअर या व्हिडिओ लायब्ररीला फोकस सांभाळायला सांगा.

माहिती आणण्यासाठी रिझ्यूमची वाट बघणं मला बहुतेक वेळा पटत नाही. पान बसल्यावर कॉल गेला की माणसाला गोल फिरणारं चक्र बघावं लागतं. शेजारचं पान आधी बनवायची सोय पेजरमध्ये आहे ती हा वेळ वाचवण्यासाठीच. सर्व्हर स्वस्त असेल, उत्तर लहान असेल, तर ऑन-व्ह्यू-क्रिएटेडमध्येच (पानाचा व्ह्यू बनताच) मागवा. कॉल महाग असेल, किंवा टॅब दहा असून लोक दोनच उघडत असतील, तर पहिल्या रिझ्यूमवर मागवा. यात एक खाच आहे. ‘एकदा आणलं’ असा बूलियन (हो-नाहीची खूण) फ्रॅगमेंटमध्ये ठेवला की तो टिकत नाही, कारण फ्रॅगमेंट-स्टेट-ॲडॅप्टर लांबची पानं काढून टाकतो. फ्रॅगमेंट काढलं की त्याचं स्वतःचं व्ह्यूमॉडेलही (स्क्रीनची माहिती धरून ठेवणारा ऑब्जेक्ट) साफ होतं, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पहिल्यावरून सहाव्या टॅबवर जाऊन परत आलं की सगळं नव्याने लोड होतं आणि लोक पेजरला दोष देतात. आणलेली माहिती पेजर ज्याच्यात आहे त्या फ्रॅगमेंटच्या किंवा ॲक्टिव्हिटीच्या व्ह्यूमॉडेलमध्ये ठेवा, नाहीतर रिपॉझिटरीत (माहिती आणणाऱ्या सामायिक थरात).

नोंद करणं, म्हणजे ‘हे पान इतक्या जणांनी पाहिलं’ हा आकडा, तिघांत अवघड. फायरबेस ॲनालिटिक्स (ॲपचा वापर मोजणारी सेवा) आपणहून स्क्रीनची नोंद ॲक्टिव्हिटीच्या पातळीवर करतं. पेजरमधल्या टॅबची नोंद तुम्हालाच पाठवावी लागते. ती उघडीनागडी ऑन-रिझ्यूममध्ये टाकली तर आकडा फुगतो. फोन आडवा केला, पुन्हा रिझ्यूम. ॲप मागे जाऊन परत आलं, पुन्हा रिझ्यूम. परवानगीची खिडकी वर आली तर तीही एक वेगळी ॲक्टिव्हिटीच असते, ती बंद झाली की पुन्हा रिझ्यूम. शिवाय चौथ्या टॅबवर जायला भराभर तीन स्वाइप करणारा माणूस मधल्या पानांवर क्षणभर थांबला, तर तीही ‘पाहिली’ गेली.

यासाठी मी रिपीट-ऑन-लाइफसायकल वापरते; ठरवलेली अवस्था असेपर्यंतच ते आतला कोड चालू ठेवतं. व्ह्यू-लाइफसायकल-ओनरवर, रिझ्यूम्ड अवस्थेसाठी, आणि आतल्या कोरूटीनमध्ये (मध्येच रद्द करता येणाऱ्या कामात) दोनच ओळी: एक सेकंदाचा डिले आणि त्यानंतर नोंद. सेकंद पुरा व्हायच्या आत पान हललं तर कोरूटीन आपोआप रद्द होतो आणि नोंद जात नाही. वेगळा टायमर नको, हँडलर नको, रद्द करायचं लक्षात ठेवायला नको. एक सेकंद हा काही नियम नाही. तुमच्या प्रॉडक्टवाल्या मंडळींना विचारा की त्यांच्या लेखी ‘पाहिलं’ म्हणजे किती वेळ, आणि तो आकडा त्यांच्याकडून लेखी घ्या, कारण पुढे अहवालावरून वाद होतो तेव्हा तोच कामाला येतो. फोन आडवा केल्यावर दुसऱ्यांदा मोजायचं नसेल तर शेवटची नोंद कोणत्या पानाची होती ते वरच्या व्ह्यूमॉडेलमध्ये ठेवून तुलना करा.

मग ऑन-पेज-सिलेक्टेड कशासाठी? बऱ्याच उत्तरांत तेच सुचवलेलं असतं. ते ‘कोणतं पान निवडलं’ हे सांगतं, ‘कोणतं बसलं’ हे नाही. टॅबवर टिचकी मारली की सरकणं सुरू व्हायच्या आधीच ते येतं, आणि स्वाइपमध्ये बोट उचलल्यावर पान अजून सरकत असतानाच. शीर्षक बदलणं, खालचा ठिपका रंगवणं, मेन्यू बदलणं यासाठी ते उत्तम, कारण तिथे लगेच प्रतिसाद हवा असतो. व्हिडिओसाठी ते घाईचं. आणि ॲप मागे गेल्याचं त्याला काहीच कळत नाही, म्हणजे सेट-युजर-व्हिजिबल-हिंटचीच खोड. जुन्या पेजरमध्ये तर ॲप उघडताना पहिल्या पानासाठी ते येतच नसे. व्ह्यूपेजर-२ मध्ये येतं, पण कॉलबॅक पहिल्या लेआउटच्या आधी नोंदवलेला असेल तरच.

याला जोडून एक विनंती. ॲक्टिव्हिटीत ऑन-पेज-सिलेक्टेड धरून तिथून फ्रॅगमेंट शोधायचं, त्यासाठी ॲडॅप्टर आतून जो टॅग बनवतो तो अंदाजाने जोडायचा, आणि मग ‘तू दिसतोस’ अशी मेथड बोलवायची, हा प्रकार बऱ्याच ठिकाणी दिसतो. तो टॅग ॲडॅप्टरची खासगी बाब आहे. पानांची आयडी बदलली की तुटेल, आणि फ्रॅगमेंट अजून जोडलं गेलं नसेल तर नल मिळेल. वरून खाली हाक मारण्यापेक्षा फ्रॅगमेंटला स्वतःच्या अवस्थेवरून ठरवू द्या.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. पेजरच्या आत पेजर असेल तर सगळा खेळ ॲडॅप्टरच्या कन्स्ट्रक्टरवर आहे. आतल्या पेजरच्या ॲडॅप्टरला फ्रॅगमेंट द्या, म्हणजे तो चाइल्ड-फ्रॅगमेंट-मॅनेजर (त्याच्या आतल्या फ्रॅगमेंटांचा व्यवस्थापक) आणि त्या फ्रॅगमेंटचं लाइफसायकल घेतो. बाहेरचं पान स्टार्टेडवर अडलेलं असेल तर आतलं कोणतंही पान त्याच्या वर जाऊ शकत नाही. रिक्वायर-ॲक्टिव्हिटी लिहून ॲक्टिव्हिटी दिलीत तर ही साखळी तुटते. बाहेरचा टॅब समोर नसतानाही आतलं पहिलं पान रिझ्यूम होतं. ‘व्ह्यूपेजर-२ घेतला तरी आवाज येतोच’ अशी तक्रार आली की मी सगळ्यात आधी हा एक शब्द बघते.

खालच्या नेव्हिगेशनमध्ये फ्रॅगमेंटं शो आणि हाइड करत असाल तर तिथे लाइफसायकल हलतच नाही, फक्त ऑन-हिडन-चेंज्ड येतं. तिथेही हाइड करताना त्याच व्यवहारात (ट्रान्झॅक्शनमध्ये) सेट-मॅक्स-लाइफसायकलने स्टार्टेडची मर्यादा घाला आणि शो करताना रिझ्यूम्डची. मग आतल्या पानांना एकच भाषा कळली तरी पुरतं.

रिझ्यूम म्हणजे डोळ्यांना दिसतंय असंही नाही. डायलॉग किंवा बॉटम शीट वर आली तर त्याच ॲक्टिव्हिटीत असल्यामुळे पॉज येत नाही. सूचनांचा पडदा खाली ओढला तरी येत नाही. शीट उघडल्यावर व्हिडिओ थांबायला हवा असेल तर तो निर्णय शीट उघडणाऱ्या कोडनेच घ्यायचा.

उलट बाजूही आहे: पॉज झालं तरी पान दिसत असू शकतं. अँड्रॉइड ७ मध्ये स्क्रीन दोन ॲपमध्ये वाटण्याची सोय आली. तिथपासून ९ पर्यंत दोन्ही ॲप दिसत असली तरी शेवटी स्पर्श केलेलं एकच रिझ्यूम राहायचं, दुसरं पॉज. वर व्याख्यान चालू, खाली टिपणं लिहायची, अशा वापरात खाली बोट लावताच वरचा व्हिडिओ थांबतो. अँड्रॉइड १० पासून दोन्ही रिझ्यूम राहतात. तुमच्या ॲपची किमान आवृत्ती त्याहून खाली असेल आणि ॲप शिकवण्याचं असेल, तर हे मनावर घ्या. मग फक्त रिझ्यूमवर विसंबून चालत नाही. पेजर आयडल झाला की बसलेल्या पानाची आयडी वरच्या व्ह्यूमॉडेलमधल्या स्टेटफ्लोमध्ये (बदलताच ऐकणाऱ्यांना कळवणाऱ्या किमतीत) टाका, आणि प्रत्येक फ्रॅगमेंटने स्टार्टेड अवस्थेत तो फ्लो ऐकून ‘ही माझीच आयडी का’ एवढं बघावं. ॲप खरोखर झाकलं गेलं की स्टॉप येतं आणि ऐकणं आपोआप बंद पडतं, तिथेच व्हिडिओ थांबवा. पहिल्या पानाची आयडी मात्र सुरुवातीला हाताने टाकावी लागते, कारण पेजर हललाच नसेल तर आयडल झाल्याची खबरही येत नाही. या पद्धतीत कोड वाढतो, म्हणून गरज असल्याशिवाय मी तिकडे जात नाही.

तुम्ही कंपोज (अँड्रॉइडची स्क्रीन बांधायची नवी पद्धत) वापरत नाही, पण पुढे जाल म्हणून दोन शब्द. होरायझाँटल-पेजर २०२३ पासून कंपोजच्या फाउंडेशनमध्येच आहे, त्याआधी तो अकंपनिस्ट या वेगळ्या लायब्ररीतून घ्यावा लागे. तिथे पानाच्या आत लाँच्ड-इफेक्ट लिहिला की तो पान कंपोज होताच चालतो, म्हणजे नुसतं डोकावलं तरी. पेजर-स्टेटमध्ये करंट-पेज अर्ध्यावर बदलतं, टार्गेट-पेज कुठे चाललोय ते सांगतं, आणि सेटल्ड-पेज सरकणं थांबल्यावरच बदलतं. व्हिडिओसाठी सेटल्ड-पेज घ्या. नोंदीसाठी तेच स्नॅपशॉट-फ्लोमधून ऐका. तिथली पानं फ्रॅगमेंट नसल्यामुळे प्रत्येकाला वेगळं लाइफसायकल मिळत नाही, म्हणून ॲप मागे गेल्याची खबर लाइफसायकल-रिझ्यूम-इफेक्टने वेगळी घ्यावी लागते.

परत तुमच्या ॲपकडे. व्ह्यूपेजर-२ घातल्यावरही दुसऱ्या टॅबवर तिसऱ्याचा आवाज आला, तर या क्रमाने शोधा. लॉगमध्ये त्या क्षणी तिसऱ्याचं रिझ्यूम आलंय का ते बघा. आलं असेल तर ॲडॅप्टरचा कन्स्ट्रक्टर चुकलाय, किंवा कुठेतरी जुना ॲडॅप्टर शिल्लक आहे. आलं नसेल तर व्हिडिओ दुसरंच कुणीतरी सुरू करतंय: ऑन-व्ह्यू-क्रिएटेडमध्ये प्ले-व्हेन-रेडी खरं केलेलं असेल, किंवा ॲक्टिव्हिटीच्या व्ह्यूमॉडेलमधला लाइव्हडेटा (बदलताच कळवणारी माहिती) तिथे ऑब्झर्व्ह करून त्याच्या उत्तरात प्ले बोलावलेलं असेल. लाइव्हडेटा स्टार्टेड अवस्थेतल्यालाही बातमी देतो, आणि तयार झालेलं शेजारचं पान स्टार्टेडच असतं. तसं निघालं तर यूआरएल आल्यावर प्लेअरला फक्त द्या आणि चालवायचा अधिकार ऑन-रिझ्यूमकडेच ठेवा. यूआरएल पान बसल्यानंतर आली तर काय, हा प्रश्न मग उरतो. त्यासाठी प्ले-व्हेन-रेडी रिझ्यूममध्येच खरं करून ठेवायचं, म्हणजे मीडिया कधीही आला तरी तयार होताच चालू लागतो, आणि पॉजमध्ये ते परत खोटं करायचं.